एकाच पावतीवर देव आणि कायदा

सभागृहाच्या अर्जात ‘विषय’ असं छापून त्यापुढे जेमतेम दीड इंच जागा सोडलेली असते. ज्या कुणी तो अर्ज आखला, त्याच्या मते माणसाला बोलण्यासारखं जगात जे काही आहे, ते दीड इंचात मावतं. मी वजनमाप खात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत, तेव्हा मापाच्या बाबतीत बोलायचा मला अधिकार आहे. ती जागा कमी आहे. आणखी दोन इंच मिळाली असती तर मी सविस्तर लिहिलं असतं, आणि माझ्या नावाचा जो बभ्रा झाला तो टळला असता. पण मग बाकीचंही टळलं असतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, दीड इंचच बरी.

झालं ते असं. दर रविवारी संध्याकाळी सहाला आमच्या घरी एक मालिका लागते. लागते म्हणजे सासूबाई लावतात आणि आम्ही गप्प बसतो. सासूबाईंचं वय ऐंशी, ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज असा की आमचा टीव्ही तीन मजले बघतात. एक अंतराळजहाज आहे. तीनशे वर्षांचा प्रवास. आत चार हजार माणसं गोठवून झोपवलेली, आणि त्यांची देखभाल करायला कारखान्यात घडवलेली माणसं, त्यांना ‘घडीव’ म्हणतात. दिसायला तुमच्या-माझ्यासारखीच. त्यांतली एक झोपलेल्यांची अंगं पुसायचं काम करते. एका भागात ही पुसणारी काम संपवते, एका बंद खिडकीसमोर गुडघे टेकते आणि कुणाशी तरी बोलायला लागते. तिला ते कुणी शिकवलेलं नसतं. पुढचे दोन भाग जहाजावर हलकल्लोळ. घडिवांना देव असू शकतो का?

जहाजावरचा हलकल्लोळ दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात आला. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. इमारतीच्या प्रार्थनामंडळाचे ते अध्यक्ष. ते म्हणाले, “यंत्राची प्रार्थना म्हणजे टेपरेकॉर्डरनं केलेली तपश्चर्या!”

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही चाळीस वर्षं रोज पहाटे तीच प्रार्थना त्याच चालीवर म्हणता. त्याला काय म्हणायचं?”

हेडमास्तर तीन दिवस जिना उतरले नाहीत. तेव्हा मी, केवळ इमारतीत शांतता नांदावी म्हणून, म्हणून गेलो, “यावर एक चर्चा ठेवायला हवी.” माणसानं ‘व्हायला हवी’ म्हणावं, ‘ठेवायला हवी’ म्हणू नये. ‘ठेवायला’ म्हटलं की ठेवणारा लागतो, आणि सगळे आपल्याकडे बघतात.

सभागृहाच्या खिडकीवर एक कारकूनबाई बसतात. मी ‘विषय’समोर लिहिलं, ‘मालिकेतील देव’. बाईंनी अर्ज वाचला, दुसरा एक कागद काढला, दोन्ही टाचणीनं एकत्र टोचले, दोन्हींची मिळून एकच पावती फाडली आणि म्हणाल्या, “शनिवार, पाच ते सात. याच वेळेचा आणखी एक चर्चेचा अर्ज आहे. एकाच प्रकारचे दोन अर्ज आले की एकत्र होतात.”

“कोण करतं एकत्र?”

“होतात.”

“मग मी माझा मागे घेतो.”

“मागे घ्यायचा अर्ज तीस दिवस आधी द्यायचा असतो.”

“पण बाई, शनिवार नऊ दिवसांवर आलाय!”

“म्हणूनच घेता येत नाही,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

त्या कचेरीत कुणी काही करत नाही, सगळं होतं. कागद एकत्र होतात, शिक्के पडतात, तारखा जातात. करणारा दिसत नाही आणि करणी मात्र चुकत नाही. देवाविषयीची चर्चा मी नेमकी तिथेच न्यावी, हेही झालंच असणार.

दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेरच्या फलकावर सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘चर्चा: मालिकेतील देव व वेश्याव्यवसायास कायदेशीर मान्यता.’ खाली ‘आयोजक’ म्हणून माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि ऑफिसचा फोन नंबर. दुसरा अर्ज एका संस्थेच्या वकीलबाईंचा होता, पण एकत्रित अर्जात आयोजक एकच असतो, ज्याचं नाव आधी येतं तो. माझं नाव वर्णक्रमानं आधी येतं. शाळेपासून याचा त्रास आहे.

फलक मी बघायच्या आधी आमच्या ऑफिसनं बघितला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुमचं वैयक्तिक मत काय आहे ते मी विचारणार नाही.”

“साहेब, माझा विषय फक्त देव...”

“देवाला कशाला मध्ये आणता? आणि फोन ऑफिसच्या वेळेत नकोत. सकाळपासून सात आले. दोघं तर पत्ता विचारत होते.”

घरी बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला आणि शांतपणे विचारलं, “अहो, तुम्ही मान्यता मागताय की विरोध करताय, एवढं तरी घरात सांगून ठेवा. बायका मला जिन्यात विचारतात. मी काय सांगू?”

“मी काहीच मागत नाहीये. मला मतच नाहीये!”

“पन्नाशी उलटली, आणि मतच नाही?” असं म्हणून ती आत गेली.

मला लागलं ते हेच. फलक पुसता आला असता, पण हे खरं होतं. मी तराजू तपासतो. दोन्ही पारड्यांत काय आहे याच्याशी माझा संबंध नसतो, काटा मध्ये येतो का एवढंच बघायचं. या विषयावर मी आयुष्यात दोन मिनिटंही विचार केला नव्हता, आणि विचार केला नाही हे चांगल्या घरचं लक्षण आहे असं समजत होतो. आता घाईघाईनं मत बनवायला घेतलं. सोमवारी मी बाजूनं होतो: व्यवसाय आहे तो आहे, मग नियम असलेले बरे. मंगळवारी विरोधात: माणूस विकायला परवाना कसला द्यायचा? बुधवारी ताप आला.

शेजारी मात्र मतांच्या बाबतीत सधन निघाले. हेडमास्तर म्हणाले, “पहिल्या भागाला मी येईन, दुसऱ्याच्या आधी उठून जाईन. माझं उठणं सगळ्यांना दिसेल अशी खुर्ची मला द्या.” समोर दवाखाना असलेले, पण राहायला दुसरीकडे असलेले दाताचे डॉक्टर उलट फक्त दुसऱ्या भागाला येणार होते. ते पुरोगामी आहेत. त्यांनी मान्यतेच्या बाजूनं बावीस पानांचं भाषण लिहिलं आणि त्यांतली नऊ पानं मला खुर्चीत बसवून, माझं तोंड उघडं असताना, वाचून दाखवली. मला विरोध असता तरी दाखवता आला नसता. फक्त सासूबाई निर्धास्त होत्या. “विषय चांगला आहे, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “पण पुसणारीला वेळ कमी पडता कामा नये.”

गुरुवारी वकीलबाई भेटल्या. मला वाटलं होतं, त्या माझी माफी मागतील. त्या माझ्यावरच चिडल्या होत्या.

“आठ महिने धडपडून मी ही चर्चा जमवली,” त्या म्हणाल्या. “आता लोक देव बघायला येणार!”

“आणि माझ्याकडे लोक काय बघायला येणार, ते तरी विचार करा!”

दोघांनी एकमेकांची कीव केली आणि वेळ वाटून घेतली. आधी देव, मध्ये चहा, मग कायदा. जाताना त्या म्हणाल्या, “माझ्याबरोबर दोघीजणी येतील. त्या व्यवसायातल्या. त्यांच्याबद्दल बोलायचं आणि त्यांनाच बोलवायचं नाही, हे मला पटत नाही. फक्त नावं विचारू नका.”

मी मान डोलावली. मान डोलावताना मानेला घाम आला होता.

शुक्रवारी इमारतीत चहाच्या तयारीची बैठक झाली. आमच्याकडे पन्नास कप-बश्या आहेत, निळ्या काठाच्या, सगळ्या कार्यक्रमांना त्याच निघतात. कुणीतरी म्हणालं, “उद्या कागदी कप आणू या ना.” कुणीही ‘का?’ विचारलं नाही. “सोयीचं पडतं,” दुसरं कुणीतरी म्हणालं. “हो, फुटायची भीती नाही,” मी म्हणालो. मीच म्हणालो. बायकोनं माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. त्या नजरेचं वजन करायला आमच्या खात्यात माप नाही.

शनिवारी मी चारलाच सभागृहावर गेलो. आमच्या इमारतीच्या कार्यक्रमांना सरासरी अठरा माणसं येतात, त्यांतली चार आयोजकांची असतात. साडेचारला साठ खुर्च्या भरल्या. पावणेपाचला भिंतीलगत माणसं उभी. आमच्या साहेबांना मी शेवटच्या रांगेत टोपी पुढे ओढून बसलेलं बघितलं. त्यांनीही मला बघितलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांना बघितलं नाही.

खुर्च्या कमी पडल्या तेव्हा दोन बायका आपणहून उठून माझ्याबरोबर मागच्या खोलीतून खुर्च्या ओढायला लागल्या. एक पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, दुसरी तिशीच्या आतली. मला वाटलं, सभागृहाच्या कर्मचारी असाव्यात. मी त्यांना जरा हुकूमही सोडले. “तिकडे नको, इकडे लावा.” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “इकडे लावली तर पंख्याची सावली डोळ्यांवर येईल.” खरंच येत होती. मग त्या सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि दोघींची जी काही कुजबुज सुरू झाली! सासूबाईंची कुजबुज म्हणजे व्यासपीठापर्यंत ऐकू येत होती. “अगं, त्या कप्तानाला सगळं माहीत आहे, तो वेड पांघरतोय!”

मला मात्र वकीलबाईंच्या दोन पाहुण्या शोधायच्या होत्या, आणि वकीलबाई रस्त्यात कुठेतरी अडकल्या होत्या. मी दाराकडे डोळे लावून बसलो. पाचला पाच मिनिटं असताना दोन स्त्रिया आल्या. भडक साड्या, ठसठशीत दागिने, अत्तराचा घमघमाट. मी मनातल्या मनात स्वतःला बजावलं, सन्मानानं वागायचं. पुढे झालो, हात जोडले, त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, आणि माईक हातात घेऊन भरल्या गळ्यानं म्हणालो, “आज आपल्यात त्या दोन भगिनी आल्या आहेत, ज्यांच्या व्यवसायाकडे समाज तुच्छतेनं बघतो. त्यांनी इथे येण्याचं धाडस केलं, त्याबद्दल टाळ्या!”

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतली एक भगिनी उभी राहिली.

“मी शिक्षण खात्यात निरीक्षक आहे,” ती म्हणाली. “आणि ही माझी वहिनी. आम्ही दाताच्या डॉक्टरांचं भाषण ऐकायला आलोय. ते माझे भाऊ आहेत.”

त्या क्षणाचं वर्णन करायला मी असमर्थ आहे. डॉक्टरांनी बावीस पानं तोंडापुढे धरली. एवढा पुरोगामी माणूस, पण स्वतःच्या बायकोला आणि बहिणीला मिळालेल्या टाळ्या त्याला सोसवेनात. मी ‘क्षमा, क्षमा’ म्हणत मागे सरकलो तो व्यासपीठाच्या पायरीवरून खाली बसलो. माझ्या पन्नास वर्षांच्या अब्रूचा कपडा जिथे फाटायचा राहिला होता तिथेही फाटला. तेवढ्यात मागून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. दुष्टपणाचं नव्हे, अगदी मनमोकळं. त्या चष्मेवाल्या बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

मी घाईघाईनं देवाचा भाग सुरू केला. हेडमास्तर बोलले, आणि खरं सांगतो, छान बोलले. प्रार्थना म्हणजे मागणं नव्हे, म्हणाले. आपल्यापेक्षा मोठं काही आहे, हे कळल्यावर वाकणं म्हणजे प्रार्थना. ते कळायला आत्मा लागतो. घडवलेल्या वस्तूला तिचा घडवणारा माहीत असतो, मग तिला गूढ कसलं उरणार?

सासूबाई बसूनच म्हणाल्या, “तुम्हाला आत्मा आहे हे कुणी तपासलं, मास्तर? यांच्या खात्यानं?”

हशा ओसरला तसा चष्मेवाल्या बाईंनी हात वर केला. मी म्हटलं, चला, कर्मचाऱ्यांनाही गोडी आहे, आणि माईक दिला.

“मास्तर म्हणाले ते मोठं आहे,” त्या म्हणाल्या. “मला एवढं कळत नाही. पण ती पुसणारी खिडकीसमोर का जाते, ते मला माहीत आहे. त्या जहाजावर तिला कुठे दार आहे का? बघा तुम्ही. सगळ्यांच्या खोल्यांना दारं आहेत. तिला कुणीही कधीही हाक मारतं. पण ती गुडघ्यावर बसली ना, की लोक बाहेर थांबतात. दार नसलं तरी थांबतात. तेवढा वेळ ती कुणाची नसते. मला वाटतं, देव तिथूनच सुरू होत असेल.”

त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

“आणि दुसरं,” त्या म्हणाल्या. “तिला प्रार्थना करू द्यायची की नाही, यावर तीन भाग चर्चा चालते. कप्तान बोलतो, डॉक्टर बोलतो, म्हातारा गुरुजी बोलतो. ती तिथेच भिंतीपाशी उभी असते, पाण्याचं भांडं घेऊन. तिन्ही भाग. तिला कुणी विचारतं का, बाई, तू काय बोलत होतीस?”

मी ती मालिका एकही भाग न चुकवता बघितली आहे. ती भिंतीपाशी उभी असते हे मी बघितलं होतं. भांडं बघितलं होतं. आणि मला काहीही दिसलं नव्हतं.

हेडमास्तर उभे राहिले. त्यांच्या आवाजातला वर्गातला सूर गेला होता. “आपण काय करता, बाई? शिक्षिका आहात?”

“नाही, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दुसऱ्या भागात ज्यावर चर्चा आहे, ते.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवल्या असत्या तर मी कोसळलोच असतो. मला एवढंच आठवलं की मी या बाईंना खुर्च्या इकडे लावा, तिकडे लावा म्हणत होतो. घाबरून मी जाहीर केलं, “चहा!”

चहा कागदी कपांत आला. मी त्यांच्याजवळ गेलो, तोंड उघडलं आणि अपराधी मनानं भलतंच बोलून बसलो, “आमच्याकडे निळ्या काठाच्या कप-बश्या आहेत. पन्नास.”

“मग हे बरं केलंत,” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. “पन्नास कप धुणार कोण? आमच्याकडेही पाहुण्यांना हेच.” आणि धाकटी कपाकडे बघत म्हणाली, “पण साखर कमी आहे.” लाजेनं मेलेल्या माणसाला इतक्या सहज कुणी उठवून बसवलेलं मी आजवर बघितलेलं नाही.

चहानंतर उठून जाणार असलेले हेडमास्तर आपल्या ठरवून घेतलेल्या खुर्चीत बसूनच राहिले. वकीलबाई धापा टाकत पोहोचल्या. डॉक्टरांनी बावीस पानं काढली, पहिल्या पानावर स्वातंत्र्य होतं, तिसऱ्यावर आरोग्य. सहाव्या पानावर ते थांबले, कारण पहिल्यांदाच त्यांना समोर कोण बसलंय हे दिसलं असावं. “म्हणजे, मान्यता द्यायला हवी, नाही का?” त्यांनी चष्मेवाल्या बाईंना विचारलं.

“कुणाला?” बाई म्हणाल्या.

“कुणाला म्हणजे? तुम्हाला!”

“परवाना माझ्या नावावर देणार की घर चालवणारीच्या? तिच्या नावावर दिला तर आज ती मला दमात घेते, उद्या शिक्का दाखवून घेईल. आणि माझ्या नावावर दिला तर ते नाव कुठल्या वहीत जाणार? ती वही कोण उघडणार? माझी मुलगी नोकरीला लागेल तेव्हा?”

“पण मला कागद हवाय,” धाकटी एकदम म्हणाली. “ताई, तुझं झालं आता. माझं मागच्या वर्षी नाक फोडलं. पोलिसांत गेले तर मलाच विचारलं, तू तिथे काय करत होतीस? माझ्या हातात कागद असता तर मी सांगितलं असतं, काम करत होते.”

“कागद एकदा लागला की सुटत नाही गं. काम सोडलंस तरी तो नाही सोडत.”

“फुटलेलं नाक पण सुटत नाही!”

आणि त्या दोघी भांडायला लागल्या. आमच्यादेखत, आम्हाला विसरून. आमची अशी समजूत होती की ‘त्यांचं’ काहीतरी एक मत असतं आणि त्या ते घेऊन आल्या आहेत. त्यांच्यात तर आमच्या जिन्यापेक्षा जास्त मतं होती, आणि प्रत्येक मतासाठी काहीतरी मोजलेलं होतं. वकीलबाईंनी मध्ये पडून सांगितलं की गुन्हा न मानणं ही एक गोष्ट आहे आणि परवाने वाटणं ही दुसरी. बाईला शिक्षा नको, पण धंदा चालवणाऱ्याला मोकळीकही नको, असंही मानणारे आहेत. तिन्हींचे फायदे-तोटे त्यांनी सांगितले. मला तीन पारड्यांचा तराजू कधी तपासावा लागला नव्हता.

हेडमास्तरांनी हात वर केला. विद्यार्थ्यासारखा. “मला एक सांगा,” ते म्हणाले. “माझं मन म्हणतं, हे चूक आहे. माणसाचं शरीर ही वस्तू नव्हे. कायद्यानं हो म्हटलं तर उद्या मुलं म्हणतील, मग यात वाईट काय? हे म्हणायला मी चुकतोय का?”

“नाही चुकत,” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. “मी पण माझ्या मुलीला येऊ दिलं नाही.”

“पण तुमचं चूक की बरोबर ते ठरेपर्यंत मी कुठे राहू, मास्तर?” धाकटी म्हणाली. “ठरवा तुम्ही, सावकाश ठरवा. पण तोवर मला मारलं तर दार कुणाचं वाजवू?”

हेडमास्तरांनी चाळीस वर्षं शिकवलं. उत्तर माहीत नसताना शिक्षक काय करतात हे मला शाळेपासून ठाऊक आहे, ते प्रश्न फिरवतात. हेडमास्तरांनी तो फिरवला नाही. “मला माहीत नाही,” ते म्हणाले आणि खाली बसले. एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सात वाजता कारकूनबाई किल्ल्या वाजवत आल्या. नियमाप्रमाणे दिवे जायला हवे होते. त्या दारात उभ्या राहिल्या, थोडं ऐकलं, मग शेवटच्या रांगेत साहेबांशेजारी बसल्या. दिवे गेले नाहीत. साडेसातपर्यंत गेले नाहीत. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, “किल्ल्या सापडत नव्हत्या.” त्या कचेरीत कुणीतरी काहीतरी स्वतः केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

कुठलाही ठराव झाला नाही. दारात वकीलबाई माझा निरोप घेत असताना मागून सासूबाई चष्मेवाल्या बाईंना म्हणाल्या, “उद्या सहाला पुढचा भाग आहे. आमच्याकडे ये बघायला. टीव्ही मोठा आहे.”

जिना अख्खा थबकला. म्हणजे आमच्या जिन्यातली, तिथे जमलेली माणसं. चष्मेवाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. हा माणूस आता काय करतो, एवढंच कुतूहल होतं. मला ऑफिस दिसलं, फलक दिसला, डॉक्टरांची बहीण दिसली. मी म्हणणार होतो, ‘उद्या जरा...’ पण बायको आधीच म्हणाली, “दुसरा मजला, उजवीकडे. धाकटीलाही आणा.”

रविवारी धाकटी आली नाही, तिला देवाची चर्चा कंटाळवाणी वाटते. चष्मेवाल्या बाई सहाला पाच मिनिटं कमी असताना आल्या. त्या जिना चढत असताना तीन दारं किलकिली झाली. दोन मिटली. तिसऱ्यातून हेडमास्तर बाहेर आले, हातात घडीची खुर्ची. मी दारात छाती काढून उभा राहिलो. म्हटलं, आज काय ते होऊन जाऊ दे, या घरात कुणाचा अपमान होऊ देणार नाही.

“बाजूला व्हा,” हेडमास्तर म्हणाले. “दोन वर्षं फक्त आवाज ऐकतोय. चित्र कसं आहे ते तरी बघू द्या.”

निळ्या काठाच्या कपांतून चहा झाला. त्या भागात जहाजाची ती खिडकी उघडते. इतकी वर्षं बंद असलेली पोलादी झडप वर जाते आणि बाहेर तारे असतात, एवढंच. संगीत नाही, शब्द नाही. मी नेहमी अशा वेळी काहीतरी माहिती सांगतो, ते दृश्य कसं चित्रित करतात वगैरे. पण माझी नजर पडद्यावरून सरकली. सासूबाई, बायको, हेडमास्तर, चष्मेवाल्या बाई, चौघांच्या तोंडावर त्या ताऱ्यांचा उजेड पडला होता. चष्म्याच्या जाड भिंगांत ते तारे लहान लहान दिसत होते. हेडमास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं. मला दहा-बारा वर्षांचा असताना वाटायचं तसं वाटलं, की कुणीतरी आपल्याला फार मोठ्या खोलीत आणून उभं केलंय आणि आपण हळू बोलायला हवं.

निघताना सासूबाई त्यांना दारापर्यंत सोडायला उठल्या. त्या कुणालाही सोडायला उठत नाहीत, गुडघे दुखतात. दारात त्यांनी विचारलं, “बाई, तुला हाक काय मारू गं?”

वकीलबाईंची सूचना आठवून मी पुढे झालो. पण चष्मेवाल्या बाईंनी हातानंच मला थांबवलं. मग त्यांनी नाव सांगितलं. हळू सांगितलं, तरी सासूबाईंना एका फटक्यात ऐकू आलं.

“छान आहे,” सासूबाई म्हणाल्या. “मला लहानपणी...” आणि त्यांनी आपलं एक नाव सांगितलं. तीन अक्षरी, जरा खोडकर, लहान मुलीला शोभेलसं.

बायकोच्या हातात कपांचा ट्रे होता. ती ट्रेसकट वळली. “आई, हे नाव मला माहीत नव्हतं.”

“अगं, मला या नावानं हाक मारणारी माणसं गेली सगळी,” सासूबाई म्हणाल्या, आणि चष्मेवाल्या बाईंकडे वळल्या. “पुढच्या रविवारी लवकर ये. मागचं आठवावं लागतं मला.”

त्या गेल्या. हेडमास्तरही विचारात हरवून वर गेले, खुर्ची आमच्याकडेच विसरून. ती पोचवायला मी निघालो. ती दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. ती त्यांनी एकमेकींना सांगितली होती, मी फक्त शेजारी उभा होतो. पण खुर्ची काखेत धरून जिना चढताना, एका पायरीवर एक आणि पुढच्या पायरीवर दुसरं, अशी ती मी हळूच म्हणत गेलो.